सशाच्या आवाजात

कारखान्याच्या पार्किंगमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, गाडीच्या काचा वर करून चंद्रहास ससा व्हायचा सराव करत असे. ससाही साधासुधा नाही. जखमी, शेवटचे आचके देणारा.

साधन म्हणजे बोटभर लांबीची शिट्टी. दुकानदार तिला 'कॉल' म्हणाला होता. ती दातांत धरायची, पंजाने अर्धी झाकायची आणि पोटातून फुंकायची. की सशाची किंकाळी निघते आणि आसपास भुकेला कोल्हा असेल तर तो धावत येतो. पहिल्या आठवड्यात तिच्यातून कुकर बोलला. दुसऱ्या आठवड्यात बदक. शिकवणारा माणूस व्हिडिओत होता, तोंडाला रंग फासून अमेरिकेच्या कुठल्यातरी वाळवंटात बसलेला, आणि तो कोयोटींना, म्हणजे कोल्ह्याच्या तिकडच्या थोरल्या भावंडांना, बोलवायचा. आयर्लंडमध्ये कोयोटी नाहीत. त्यामुळे चंद्रहास त्याच्या प्रत्येक वाक्यातून कोयोटी काढून कोल्हा घालायचा, आणि वाळवंट काढून मेयो परगण्यातली चिखलाची कुरणं. "घाई करू नका," तो माणूस सांगायचा. "खोटं रडणं लगेच ओळखू येतं." तिसऱ्या आठवड्यात चंद्रहासचं रडणं इतकं खरं झालं, की पॅकिंगमधली एक बाई काचेवर टकटक करून "आर यू ओके, लव्ह?" असं विचारून गेली. संध्याकाळी त्याच्या टेबलावर मानसिक आरोग्याच्या समुपदेशनाचं पत्रक होतं. सोबत बिस्किटांचा पुडा.

पत्रक त्याच्याच विभागाने छापलेलं होतं. कासलबार गावाबाहेरच्या त्या कारखान्यात हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनत, आणि चंद्रहास तिथला सुरक्षा अधिकारी होता. जिना उतरताना सहाशे माणसांनी कठडा धरला की नाही, हे बघायचा त्याला पगार मिळायचा. अपघात झाला नाही पण होता होता राहिला, अशा प्रसंगाला तिकडे 'निअर मिस' म्हणतात. तो कळवणाऱ्याला कोणी रागावत नाही. उलट महिन्यातून एकाला बक्षीस मिळतं. 'निअर मिस लपवणारा माणूस पुढच्या अपघाताची तारीख ठरवत असतो' हे वाक्य चंद्रहासने स्वतः रचलं होतं. ते कॅन्टीनच्या भिंतींवर तीन ठिकाणी लावलेलं होतं, त्यातलं एक मायक्रोवेव्हच्या वर.

असा माणूस कोल्ह्याच्या मागे का लागला, याचं उत्तर फिंटन. फिंटन म्हणजे शेजारचा मेंढपाळ. घराला लागूनच त्याची कुरणं. अकरा वर्षांत त्याने चंद्रहासशी पावसावर बरंच आणि इतर कशावर काहीच बोलणं केलं नव्हतं. यंदा मार्चमध्ये कोल्ह्याने त्याची चार कोकरं नेली. ते कानावर आल्यावरच चंद्रहासने गुपचूप कॉल विकत घेतला होता. महिन्याभराने कुंपणावर कोपर टेकून फिंटन म्हणाला, "तुझ्याकडे बंदूक आहे ना? आणि कॉलही वाजवतोस, हे मी ओळखलं. पॅकिंगमधली ब्रीज सांगत होती, तू गाडीत बसून सशासारखा रडतोस. रविवारी येशील?"

ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या चंद्रहासला आयुष्यात कोणी असं काही विचारलं नव्हतं. अकरा वर्षं आपण याच आमंत्रणाची वाट बघत होतो, असं त्याला एकदम वाटून गेलं. तो "ग्रँड" म्हणाला, म्हणजे तिकडच्या बोलीत 'चालेल की'. उच्चारही बरा जमला.

बंदूक होती, ती रीतसर परवान्याची. पण ती क्लबात जाऊन मातीच्या तबकड्या, तिकडे ज्यांना मातीची कबुतरं म्हणतात त्या, उडवण्यासाठी घेतलेली. पोलीस घरी येऊन बंदूक ठेवायचं लोखंडी कपाट बघून गेले तेव्हाच बायकोने विचारून घेतलं होतं. योगिनी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. माणसांचे मोडलेले सांधे पुन्हा चालते करायचं तिचं काम. "मातीच्याच ना? नक्की?"

"मातीच्याच गं."

त्यामुळे रविवारचा बेत त्याने घरात सांगितला नाही; क्लबात तबकड्या उडवायला जातोय, एवढंच म्हणाला. शिवाय घरात अण्णा होते. अण्णा म्हणजे योगिनीचे वडील, पुरुषोत्तम; तीन आठवड्यांपूर्वी तासगावहून आलेले. सरकारी गुरांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होते. अडलेल्या म्हशी सोडवल्या, शेळ्यांच्या मोडक्या पायांना बांबूच्या कामट्या बांधल्या. जावयाला 'जावईबापू' म्हणायचे, आणि त्या एका शब्दात इतका मान असायचा की चंद्रहासला दरवेळी आपण घोड्यावरून आताच उतरलोय असं वाटायचं. अशा माणसाला 'जखमी सशाचा आवाज काढून कोल्हा मारायला चाललोय' हे कसं सांगणार?

सांगितलं नाही; पण धंद्याची सवय सोडवत नाही. शनिवारी संध्याकाळी त्याने शिकारीचा धोके-तपासणीचा तक्ता भरला. दोन पानी. वाऱ्याची दिशा, ओली दगडी भिंत, काटेरी तार, घसरण. 'परिसरातील इतर व्यक्ती' या रकान्यात त्याने लिहिलं: 'कोणी नाही'. त्या वेळी इतर व्यक्ती शेजारच्या खोलीत टीव्हीवर हवामान बघत होती. "रोज त्येच सांगत्यात," अण्णा म्हणत होते. "मग बाईला कशाला उभं करत्यात?"

अण्णा पहाटे पाचला उठतात आणि उजाडलं की फिरायला जातात, हे त्याला ठाऊक नव्हतं का? होतं. त्यानेच त्यांना चमकणारं पिवळं जाकीट आणून दिलं होतं. अण्णांनी ते खुंटीला लावलं. "मी काय रस्त्यावर डांबर टाकतोय व्हय, जावईबापू?" पण ते रस्त्याने जात, चौकापर्यंत. रस्ता हा परिसर नाही, असं चंद्रहासने धरलं.

रविवारी उजाडता उजाडता तो आणि फिंटन वरच्या कुरणात बसले. फिंटन फाटकापाशी, खालच्या ओढ्याकडे तोंड करून; चंद्रहास तीस पावलांवर, पाठ दगडी भिंतीला, समोर काटेरी झुडपांची दाट रांग आणि तिच्यात कोल्ह्यांच्या वहिवाटीची फट. वारा तोंडावर. झिमझिम पडत होती. सगळं व्हिडिओत सांगितल्यासारखं. त्याने कॉल तोंडात धरला आणि फुंकला.

सुंदर आवाज निघाला. दुसरा शब्द नाही. कुरणावरून ती किंकाळी पसरली आणि लांबच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. फिंटनने मागे न बघता अंगठा वर केला. त्या अंगठ्याने चंद्रहासचं काय झालं ते सांगता येणार नाही. त्याने पुन्हा फुंकलं. थांबला. पुन्हा, जरा हळू. ससा आता दमलाय, असं.

दहाएक मिनिटांनी फटीत काहीतरी हललं.

तांबूस. जमिनीलगत. थांबलं, मग पुढे सरकलं. चंद्रहासने बंदूक खांद्याला लावली, चाप अडवणारी सेफ्टीची कळ अंगठ्याने पुढे ढकलून मोकळी केली. तांबूस डोकं झुडपातून अर्धं बाहेर आलं. त्याने बोट चापावर ठेवलं आणि ओढायला लागला.

"आलो रं," कोल्हा म्हणाला. "आलो, आलो. भिऊ नगं लेकरा."

तांबड्या माकडटोपीतले, तपकिरी शाल पाठीवर घेतलेले अण्णा तारेखालून हातापायांवर रांगत कुरणात येत होते. रस्त्यावरून जाताना त्यांनी जनावर रडताना ऐकलं होतं. ते ऐकून न थांबता पुढे जायचं त्यांना चौतीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

चंद्रहासचं बोट सुटलं. पुढचं त्याने इतक्या चपळाईने केलं की त्याची त्यालाच पुढे कैक रात्री लाज वाटली. अण्णांनी मान वर करायच्या आत त्याने बंदूक भिंतीपलीकडच्या गवतात टाकली. भरलेली. सेफ्टी उघडी. नवीन कामगारांना पहिल्या दिवशी दाखवायच्या फिल्ममध्येसुद्धा इतका मूर्ख माणूस कोणी घेतला नसता. मग तो मोकळ्या हातांनी उभा राहिला.

"जावईबापू!" अण्णांचा चेहरा खुलला. "तुमी बी ऐकलं?"

"हो," चंद्रहास म्हणाला.

"ससा हाय. तारेत अडकला आसंल. हितंच कुटंतरी." आणि ते गवत चाचपायला लागले.

फिंटन आला. त्याने म्हाताऱ्याकडे बघितलं, झुडपातल्या फटीकडे बघितलं, चंद्रहासच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मग भिंतीपलीकडे गेला आणि गवतातून बंदूक उचलली. खट्. सेफ्टी मागे घेतल्याचा आवाज, स्पष्ट. मग बंदूक सांध्यातून उघडून त्याने दोन्ही काडतुसं काढून खिशात घातली.

"सेफ्टी लावलेली होती ना?" त्याने विचारलं, सहज, पावसाबद्दल विचारावं तसं.

"होती," चंद्रहास म्हणाला.

फिंटनने क्षणभर वाट बघितली. माणसाला वाक्य परत घ्यायला जितका वेळ द्यावा, तितका.

"ग्रँड," तो म्हणाला, आणि मेंढ्यांकडे गेला.

घरी पोह्यांवर अण्णांनी योगिनीला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे त्यांना दिसलं तेवढं. "आगं, मी एकलाच न्हाई. ह्ये बी धावत आल्याले, आवाज ऐकून. मातीची कबुतरं सोडून! मी तुझ्या आईला तवाच म्हणलं हुतं, पोरगं शेरातलं आसलं तरी मऊ हाय."

योगिनीने नवऱ्याकडे बघितलं. लग्नाच्या सतरा वर्षांत इतक्या कौतुकाने तिने त्याच्याकडे दोनदा बघितलं असेल. पहिल्यांदा कधी, ते त्याला आठवेना. "अरे, मला बोलला नाहीस," ती म्हणाली.

"त्यात काय," चंद्रहास म्हणाला. त्याने पाणी मागितलं, तर तिने त्यात लिंबू पिळून आणलं.

इथे गोष्ट संपली असती तर चंद्रहासने ती पचवली असती. माणूस बरंच पचवतो. पण सोमवारी उजाडताच अण्णा हळदीची डबी, जुना टॉवेल आणि दोरा घेऊन ससा शोधायला गेले. दोन तासांनी आले. ससा सापडला नव्हता. "लपून बसतंय जखमी जनावर," ते म्हणाले. "उद्या वरच्या अंगाला बघतो."

"अण्णा, राहू द्या ना आता," चंद्रहास म्हणाला. "बरा होऊन गेला असेल."

"ज्ये वरडणं मी ऐकलं, त्यातनं बरं हुत न्हाईत, जावईबापू."

ही त्याच्या कलेला मिळालेली सर्वांत मोठी दाद होती.

मंगळवारी कारखान्यात महिन्याचं बक्षीस होतं. ब्रीजला मिळालं. एका लाकडी फळीला पाय लागून ती पडता पडता वाचली होती, कोणी पाहिलं नव्हतं, तरी तिने स्वतःहून कळवलं होतं. पाकीट देताना चंद्रहासला चार शब्द बोलायचे होते. "कोणी पाहिलं नसतानाही," तो म्हणाला, आणि मायक्रोवेव्हवरच्या पाटीकडे नजर गेल्यावर चौथा शब्द त्याला सुचेना. लोकांना वाटलं, गहिवरला. टाळ्या पडल्या. ब्रीजने जाताना त्याचा दंड दाबला आणि हळूच म्हणाली, "अजून गाडीत बसून रडतोस का रे? बोल कोणाशीतरी."

संध्याकाळी घरी आला तर अण्णा खुर्चीत, आणि योगिनी त्यांच्या तळहाताला आयोडीन लावत होती. वरच्या अंगाला नाल्यात पाय घसरला होता. हात सोलवटला होता, गुडघा सुजला होता.

"त्या सशापायी हाड मोडून घ्याल," योगिनी चिडली होती. "चंद्रहास, तू सांग रे यांना. तुझं ऐकतात."

"जरा खरचटलंय," अण्णा म्हणाले. "जावईबापू, उद्या याल का संगट? चार डोळं बरं पडतील."

ससा नाही, तोपर्यंत शोध संपणार नाही. आणि ससा तर त्याच्या जॅकेटच्या खिशात होता. सांगितलं तर काय होईल याची त्याने रात्री यादी केली. योगिनीच्या त्या नजरेचं काय होईल. 'जावईबापू' म्हणताना अण्णांचा आवाज कसा येईल. सासरी तासगावात काय पोचेल, आणि किती वेळात. न सांगितलं तर काय होईल, याच्या खाली एकच गोष्ट होती: अण्णा रोज जातील.

बुधवारी तो त्यांच्यासोबत गेला. अण्णा लंगडत होते. कुरणात पोचल्यावर ते वाकून गवत बाजूला सारायला लागले. रक्ताचा डाग, केसांचा पुंजका, काहीतरी.

"तीन दिस जगत न्हाई तसं," ते म्हणाले. "पर वरडला तवा आपुन दोगंच हुतो. मग आपल्यालाच बगाय पायजे."

चंद्रहासने कॉल काढला. तोंडाला कोरड पडली होती. पहिल्यांदा कुकर निघाला. अण्णांनी मान वर करून बघितलं, विमान वगैरे असेल म्हणून. मग दुसऱ्यांदा ससा निघाला.

अण्णा गर्रकन वळले. टॉवेल दोन्ही हातांत पसरून, सुजलेल्या गुडघ्यावर दोन पावलं धावलेसुद्धा. मग थांबले. आवाज जिथून आला तिथे जावई उभा होता.

"तुमी?"

"मी. रविवारी पण मीच. ससा नव्हता, अण्णा."

अण्णांनी टॉवेलची घडी घातली. सावकाश, कडा जुळवून. "मग कुणी तडफडत न्हाई म्हणायचं," ते म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलं. ते बघणं सगळ्यांत अवघड होतं. "बरं झालं. पर कशापायी?"

"कोल्हा यावा म्हणून."

"आन् आल्यावर?"

"बंदूक होती."

"त्या शेजाऱ्याची. बगितली मी."

"ती माझी होती. भिंतीमागे टाकली, तुम्ही बघायच्या आत. ती तुमच्यावर धरलेली होती."

वरून एक कावळा ओरडत गेला. अण्णांनी झुडपातल्या त्या फटीकडे बघितलं, मग भिंतीकडे, अंतर मोजल्यासारखं.

"ह्या टोपीमुळं?"

"टोपी, शाल... नाही. मी नीट पाहिलंच नाही. कोल्हा येणार हे आधीच ठरवून बसलो होतो."

"चाप वढला?"

"अर्धा."

"मग ऱ्हायला कसा?"

"तुम्ही बोललात."

अण्णा भिंतीच्या एका पडक्या दगडावर बसले. टोपी काढली, आत काहीतरी बघितलं, मांडीवर ठेवली. डोक्यावरचे पांढरे विरळ केस पावसाने भिजायला लागले. चंद्रहास उभाच होता. बसावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

"रागावलात?" शेवटी त्याने विचारलं. प्रश्न तोंडातून निघाल्यावर त्याला तो किती पोरकट आहे ते ऐकू आलं.

"रागावतोय," अण्णा म्हणाले. "येळ लागंल जरा. वय झालंय."

मेंढ्या चरत चरत जवळ आल्या आणि पुन्हा लांब गेल्या.

"त्या फिंटनला ठावं हाय?"

"त्याला कळलंय. मी त्याच्याशी खोटं बोललो, तेही कळलंय."

"आन् योगीला?"

चंद्रहासने नकारार्थी मान हलवली.

अण्णा उठले. गुडघा धरून उठले. चंद्रहासने हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही, आणि घेतला नाही हे दाखवलंही नाही. दोघं कुरण उतरून घराकडे आले. स्वयंपाकघरात दिवा होता, खिडकीत योगिनी डबे भरताना दिसत होती. मागच्या दारापाशी अण्णा थांबले.

"चला ना आत, भिजताय."

"न्हाई. मी आत आलो, की ती मला धडधाकट बगंल आन् तुमाला सोडंल. तुमी जावा. मी हाय हितं."

ते वळचणीखाली भिंतीला टेकून उभे राहिले. शाल डोक्यावरून घेतली.

चंद्रहास दार उघडून आत गेला. नळ चालू होता. "आलात? सापडला का ससा?" योगिनीने मागे न बघता विचारलं. "अण्णा कुठेत?"

"बाहेर आहेत."

"पावसात? कशाला?"

"मी सांगेपर्यंत," चंद्रहास म्हणाला. "रविवारी मी अण्णांवर बंदूक धरली होती."

योगिनीने नळ बंद केला.